कॉलेजातल्या धावपटूला बुटांच्या कंपनीचा करार: सही करण्याआधी काय वाचायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, ट्रॅकवर 5,000 आणि 10,000 मीटर धावते, सप्टेंबर ते नोव्हेंबर क्रॉस कंट्री, म्हणजे मैदानाबाहेर माळरानावरच्या शर्यती. गेल्या मोसमात तिच्या वेळा चांगल्याच सुधारल्या आणि एका बुटांच्या कंपनीने तीन वर्षांचा करार पाठवला: वर्षाला 4,000 डॉलर रोख आणि साधारण 1,500 डॉलरचे बूट-कपडे. घरात सगळे खूश आहेत, सही करायची का? शिवाय नाशिकचा भाचा ऑगस्टमध्ये धावण्याच्या स्कॉलरशिपवर इथे येतोय, त्यालाही असं काही मिळेल का?

मी इथल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कम्प्लायन्सचं, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज नियम पाळतात की नाही हे बघण्याचं, काम केलं आहे आणि आता धावपटूंचे करार वाचून देते. त्या अनुभवावरून सांगते: या कागदावर, आहे तशी, सही करू नका. रक्कम कमी आहे म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्षाच्या 10,000 मीटरवालीला वर्षाला 4,000 रोख मिळणं वाईट नाही. पण कंपनी हे पैसे तिच्या आजच्या फोटोंसाठी देत नाहीये. ती पदवी घेऊन व्यावसायिक होईल त्या दिवशी तिच्यावर पहिला हक्क आपला असावा, यासाठी देतेय. तो हक्क तुम्ही फार स्वस्तात विकताय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे आकडे फुटबॉलवाल्यांचे असतात आणि आपण ते आपल्या मुलांना लावून बसतो.

2021 च्या जूनपर्यंत हिशोब सरळ होता. बुटांच्या कंपनीचा एक डॉलर घेतला की कॉलेजची धाव संपली. मध्यम पल्ल्याचा धावपटू हॉब्ज केसलर याने 2021 मध्ये शाळेतून थेट आदिदासशी करार केला आणि नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाकडून धावण्यावर पाणी सोडलं. त्याच वर्षी जूनमध्ये 800 मीटरची धावपटू अथिंग मू एक वर्ष टेक्सस ए अँड एमकडून धावून नायकीकडे गेली. नंतर थोड्याच दिवसांत, 1 जुलै 2021 पासून, एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेने, खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देऊन पैसे मिळवायला मोकळीक दिली. यालाच एनआयएल म्हणतात. मग 6 जून 2025 ला ‘हाउस’ नावाच्या, खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. ऐकायला प्रचंड वाटतं. त्यातला बहुतेक वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. लांब पल्ल्याच्या धावपटूपर्यंत पोचेस्तोवर ताटात फारसं काही उरत नाही. उलट त्याच तडजोडीने संघात किती जण ठेवायचे याला मर्यादा आणली. ज्या कॉलेजांनी ती व्यवस्था स्वीकारली तिथे क्रॉस कंट्रीला 17 आणि ट्रॅक अँड फील्डला 45. स्कॉलरशिप नसतानाही संघात सरावाला असणारी कितीतरी मुलं यात बाहेर पडली. त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

म्हणजे आपल्या मुलीसाठी खरा पैसा बाहेरूनच येणार: बुटांची कंपनी, धावण्याच्या सामानाचं दुकान, जेल-ड्रिंकवाले, फिजिओथेरपीचं क्लिनिक. आणि बुटांचा करार या सगळ्यांत वेगळा, कारण व्यावसायिक धावपटूचा पगार बुटांची कंपनीच देते. धावण्यात क्लब नाहीत, लिलाव नाही. बक्षिसं अधूनमधून. घर चालतं ते त्या एका करारावर.

आता कागद उघडा आणि मुदत कुठे संपते ते पाहा. ती दुसऱ्या वर्षाला आहे, करार तीन वर्षांचा. म्हणजे तिसरं वर्ष, चौथं वर्ष आणि पदवीनंतरचं पहिलं वर्ष, किंवा दुखापतीमुळे एखादा मोसम राखून ठेवला तर कॉलेजचं पाचवं. ज्या वर्षी चार कंपन्या तिच्याशी बोलतील, त्याच वर्षी ती या कंपनीला 4,000 वर बांधलेली असेल. काही राज्यांच्या कायद्यात एनआयएलचा करार कॉलेजची पात्रता संपल्यावर चालू राहू नये अशी तरतूद आहे. तिचं कॉलेज ज्या राज्यात आहे तिथे काय आहे हे कम्प्लायन्स ऑफिसला विचारा. त्यांचं ते कामच आहे आणि फुकट सांगतात.

त्यानंतर ‘राइट टू मॅच’ नावाचं कलम शोधा. बहुतेक वेळा ते शेवटच्या दोन पानांत, वादविवादाच्या आणि गोपनीयतेच्या कलमांमध्ये लपलेलं असतं. मजकूर साधारण असा: करार संपल्यानंतर 180 दिवसांत दुसऱ्या कंपनीने काही देऊ केलं तर ते आम्हाला कळवा, आम्ही तेवढंच दिलं तर तुम्ही आमच्याचकडे राहाल. वाचताना निरुपद्रवी वाटतं. ‘बरंच की, तेवढेच पैसे तर मिळतायत’, असं मला पालक हमखास म्हणतात.

यावर मी बोरिस बेरियनचं प्रकरण सांगते. 800 मीटरचा धावपटू, कॉलेज अर्धवट सोडलेला, मॅकडॉनल्ड्समध्ये काम करत सराव करणारा. 2015 मध्ये एकदम चमकला आणि नायकीशी त्या वर्षअखेरपर्यंतचा छोटा करार केला. 2016 च्या सुरुवातीला न्यू बॅलन्सने त्याला वर्षाला 1,25,000 डॉलर देऊ केले, तीन वर्षांसाठी. नायकी म्हणाली, आम्ही तेवढेच देतो. बेरियनच्या बाजूचं म्हणणं असं की न्यू बॅलन्सच्या देकारात रक्कम कापण्याची कलमं नाहीत आणि नायकीच्या करारात आहेत, मग ही बरोबरी कसली? नायकीचं म्हणणं, कापण्याची कलमं या धंद्यात सगळीकडे असतातच. गोष्ट कोर्टात गेली. मार्चमध्ये पोर्टलंडला जागतिक इनडोअर सुवर्ण जिंकलेल्या माणसाच्या हातात मे महिन्यात एका शर्यतीच्या मैदानावर कोर्टाचे कागद दिले गेले. ऑलिम्पिकच्या वर्षात, निवड चाचणीच्या तोंडावर, हा मुलगा कुणाचे बूट घालून धावायचं यावर वकिलांशी बोलत होता. जूनच्या शेवटी नायकीने दावा मागे घेतला, तो निवड चाचणीत दुसरा आला आणि रिओच्या अंतिम फेरीतही धावला. ज्यांचं नशीब असं सावरलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात.

या प्रकरणात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, बरोबरी करण्याचा हक्क असला की दुसरी कंपनी बोली लावायलाच कचरते. आपण मेहनत घेऊन आकडा ठरवायचा आणि समोरच्याने तो उचलायचा, हे कोण करेल? म्हणजे बाजारात उभं राहण्याआधीच किंमत पडते. दुसरी, ‘कपातीचं कलम’. व्यावसायिक करारात ते असतंच: वर्षात ठरलेल्या इतक्या शर्यती धावली नाही, क्रमवारीत अमुक स्थानाखाली गेली, की रक्कम कमी. लांब पल्ल्याच्या मुलींना नडगीच्या आणि पायाच्या हाडांचे स्ट्रेस फ्रॅक्चर किती होतात हे तुम्ही तिच्या संघात पाहिलंच असेल. एक फ्रॅक्चर म्हणजे एक अख्खा मोसम. तिच्या आत्ताच्या करारातही ‘सलग 120 दिवस स्पर्धेत न उतरल्यास देयक स्थगित’ अशा धर्तीचं वाक्य आहे का पाहा. असेल तर ‘डॉक्टरी प्रमाणपत्र असलेली दुखापत सोडून’ एवढे शब्द घालून घ्या. आणि गरोदरपणही. ती विशीची आहे, आत्ता हा विषय कशाला, असं वाटेल. पण 2019 च्या मे महिन्यात अलिसिया मोंटान्यो, कॅरा गाउचर आणि अ‍ॅलिसन फीलिक्स या धावपटूंनी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर कंपनीने पैशाबाबत कसं वागवलं याच्या कहाण्या उघड सांगितल्या, तेव्हा नायकीने ऑगस्टमध्ये धोरण बदलून 18 महिने कपात न करण्याची हमी दिली. हे कलम मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि आजचा कागद उद्याच्या कागदाचा नमुना म्हणून वापरला जातो.

तिसरी जागा: तिच्या फोटो-व्हिडिओंचा हक्क. ‘कायमस्वरूपी, जगभर, आज अस्तित्वात असलेल्या वा पुढे येणाऱ्या कोणत्याही माध्यमात’ असं लिहिलेलं असतं. कायमस्वरूपी या शब्दावर काट मारा आणि ‘कराराची मुदत अधिक 90 दिवस’ लिहा. कृत्रिम बुद्धिमत्तेने तिचा चेहरा वा आवाज तयार करण्याची परवानगी नाही, हे वेगळं लिहून घ्या. छोट्या कंपन्या या दोन्ही गोष्टी बहुधा मान्य करतात, कारण त्यांनी मसुदा कुठून तरी जसाच्या तसा उचललेला असतो आणि त्यांनाही त्यात काय आहे हे नीट ठाऊक नसतं!

मक्तेदारीचं कलमही बघा. बुटांची कंपनी बूट आणि कपड्यांपुरती मक्तेदारी मागणार, ते रास्त आहे. पण ‘क्रीडा व आरोग्यविषयक उत्पादनं’ असं मोघम लिहिलं असेल तर जेल, घड्याळ, गॉगल, पाणी सगळंच बंद. ही यादी नेमकी करा. आणि इथे तिच्या कॉलेजचा करार आडवा येतो. तुम्ही लिहिलंय की कॉलेज दुसऱ्या ब्रँडचं आहे, म्हणजे संघाचे बूट-कपडे दुसरी कंपनी पुरवते. त्यामुळे संघाच्या शर्यतीत, संघाच्या प्रवासात, पोडियमवर ती कॉलेजच्याच ब्रँडमध्ये दिसणार. मग कंपनीचा पोशाख कधी घालायचा? सुट्टीतल्या सरावात, स्वतःच्या सोशल मीडियावर, दुकानातल्या कार्यक्रमात. ‘संस्थेच्या बंधनांमुळे जे करता येणार नाही ते न केल्यास करारभंग धरला जाणार नाही’ हे वाक्य नसेल तर ती दोन मालकांच्या कात्रीत सापडेल.

कॉलेजच्या ब्रँडवरून तिचं भविष्य ठरतं असं मात्र समजू नका. लांब पल्ल्याची धावपटू केटलिन टुओही नॉर्थ कॅरोलिना स्टेटची, ते आदिदासचं कॉलेज, आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये ती आदिदासबरोबरच व्यावसायिक झाली. पार्कर व्हॅल्बी फ्लोरिडाची, म्हणजे नायकीच्या घरातली. 2024 मध्ये एनसीएएचं 5,000 आणि 10,000 दोन्ही जिंकून ती न्यू बॅलन्सकडे गेली. वाट मोकळी राहते, फक्त आधी कुणाला गहाण टाकलेली नसली पाहिजे.

पैशाचा हिशोब आता उरकून टाकते. 4,000 रोख आणि 1,500 चा माल, दोन्ही मिळून 5,500 डॉलर हे तिचं उत्पन्न आहे. हो, बूटसुद्धा. फुकटचा माल बाजारभावाने उत्पन्नात धरला जातो. ती कंपनीची नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्यामुळे निव्वळ उत्पन्न 400 डॉलरच्या वर गेलं की 15.3 टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतंत्र व्यावसायिकांचा कर) लागू. खर्च वजा न धरता हा सुमारे 775 डॉलर होतो. दुसरं उत्पन्न नसेल तर फेडरल इन्कम टॅक्स बहुधा लागणार नाही, पण स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो हे विसरू नका. हातात उरले सव्वातीन हजारांच्या आसपास. त्यासाठी करारात काय मागितलंय? तुम्ही पाठवलेल्या यादीत महिन्याला दोन पोस्ट, वर्षातून दोन दिवस चित्रीकरण, चार वेळा दुकानात हजेरी आहे आणि प्रवासखर्चाचा उल्लेख नाही. प्रवासखर्च घालून घ्या. चित्रीकरण परीक्षेच्या आणि कॉन्फरन्स (कॉलेजांचा गट) स्पर्धेच्या आठवड्यात नको हेही घाला. फॅफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरत असाल तर विद्यार्थ्याचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक सवलतीच्या वर निम्म्या दराने मोजलं जातं, म्हणजे मोठी रक्कम आली की पुढच्या एखाद्या वर्षीची मदत घटू शकते.

आणि नोंद. बाहेरच्या कुणाशीही 600 डॉलर वा अधिक रकमेचा करार केला की तो ‘एनआयएल गो’ या प्रणालीवर पाच कामकाजी दिवसांत नोंदवावा लागतो. एकाच कंपनीचे छोटे छोटे तुकडे केले तरी ते एकत्र मोजतात. तिथे बघतात की खरोखर काही जाहिरातीचं काम आहे का, की नुसतेच पैसे सरकवलेत. बुटांच्या कंपनीच्या कराराला याचा सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो आपल्या ओळखीतल्या काकांमुळे. मंडळाच्या गणपतीत भेटलेले, त्याच विद्यापीठाला भरघोस देणगी देणारे, कौतुकाने ‘पोरीला पाच हजार देतो, माझ्या कंपनीचा लोगो लाव’ म्हणतात. मनाने चांगले असतात. पण कॉलेजच्या मोठ्या देणगीदारांकडून आलेला पैसा जास्त बारकाईने तपासला जातो, कामाच्या मानाने रक्कम फुगलेली वाटली तर करार नाकारला जातो. काकांना आधी कम्प्लायन्सकडे पाठवा. रागावले तर रागावले.

बोनसबद्दल एक वाक्य: शर्यत जिंकली तर इतके, असं कलम कॉलेजात असेपर्यंतच्या करारात दिसलं तर सहीआधी कम्प्लायन्स ऑफिसला दाखवा, कारण खेळातल्या कामगिरीवर मोबदला बांधणं एनआयएलच्या मूळ नियमांत बसत नव्हतं. प्रोटीन पावडर आणि सप्लिमेंटवाल्यांचा करार आला तर त्या डब्यावर ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ची (बंदी असलेली द्रव्यं नसल्याची चाचणी झाल्याची) खूण नसल्यास हात लावू नका. लघवीच्या नमुन्यात काही सापडलं तर शिक्षा तिला होणार, कंपनीला नाही.

आता व्हिसा. इथे मी मुद्दाम थांबते, कारण आपल्या लोकांत याच ठिकाणी गफलत होते.

भाचा एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येतोय. एफ-1 वर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि जाहिरातीसाठी फोटो काढणं, पोस्ट टाकणं, दुकानात उभं राहणं हे काम धरलं जाऊ शकतं. एनसीएएने परवानगी दिली म्हणजे इमिग्रेशनने दिली असं नाही, दोन्ही खाती वेगळी. पर्ड्यूचा सात फुटी झॅक ईडी, कॅनडाचा, देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, तरी याच कारणाने बरोबरीच्या अमेरिकन खेळाडूंसारखी कमाई करू शकला नाही. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने 2022 मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा तिथे जाऊन जाहिरातीचं काम उरकलं. भाच्यासाठी वाट तीच: उन्हाळ्यात नाशिकला गेल्यावर तिथल्याच एखाद्या कंपनीसाठी तिथेच चित्रीकरण, तिथूनच पोस्ट, पैसेही तिथेच. आणि तेही कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून, कॉलेजात नोंदवून. सप्टेंबरमध्ये इथल्या होस्टेलच्या खोलीत बसून ‘एकच रील’ टाकायची नाही. चार-पाचशे डॉलरसाठी व्हिसा पणाला लावलेला मी पाहिला आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मीच विचारते: मुलीचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे? ती लहानपणापासून न्यू जर्सीत वाढली, बोलते अमेरिकन, म्हणून सगळे गृहीत धरतात. पण तुमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत असेल आणि ती एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल, तर तिला कामाची परवानगीच नाही. एच-4 ची जी कामाची परवानगी असते ती काही ठरावीक जोडीदारांना, मुलांना नाही. 21 पूर्ण झाल्यावर ती एफ-1 वर गेली तरी वर सांगितलेलं सगळं लागू. नागरिक वा ग्रीन कार्डधारक असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आजोबांना हा करार म्हणजे ‘नोकरी लागली’ असं वाटतंय, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं. त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे धावपटूला आधार मिळतो तो नोकरीचाच. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, आणि स्टीपलचेसला तिथेच लागला. सैन्य, रेल्वे, पोलीस यांचा पगार दुखापत झाली तरी चालू राहतो. बुटांच्या कंपनीचा करार तसा नाही, तो दर मोसमात पुन्हा कमवावा लागतो. आजोबांना एवढं नक्की सांगा.

एजंटचं काय, हेही विचारलंत. या रकमेला एजंट नको. ट्रॅकच्या धंद्यात बुटांच्या करारावर 15 टक्के घेण्याची पद्धत आहे, म्हणजे 4,000 मधले 600 गेले. त्यापेक्षा वकिलाला एकदाच तासाचे पैसे देऊन कागद वाचून घ्या. एजंट लागेल तो शेवटच्या वर्षी, आणि तेव्हाही व्यावसायिक कराराबद्दल बोलणी करणारा एजंट पात्रता संपण्याआधी नेमू नका. एनआयएलपुरता एजंट चालतो, त्याच्या पलीकडचा नाही.

कंपनीला काय कळवायचं, त्याचा मसुदा मी असा करीन. मुदत एक वर्ष, दोघांच्या संमतीने वाढवता येईल. बरोबरी करण्याचा हक्क पूर्ण काढा. ते अडून बसले तर 180 ऐवजी 30 दिवस, आणि ‘बरोबरी’ म्हणजे रक्कम, मुदत, कपात, बोनस सगळं जुळलं पाहिजे अशी व्याख्या. फोटोंचा वापर मुदत अधिक 90 दिवस. मक्तेदारी फक्त बूट आणि धावण्याचे कपडे. दुखापत आणि गरोदरपणात स्थगिती नाही. प्रवासखर्च वेगळा. याच्या बदल्यात रक्कम 4,000 वरून 3,000 वर आली तरी घ्या, मला चालेल.

ईमेल मुलीच्या नावाने, तिच्याच खात्यावरून जाऊ द्या, तुम्ही नुसतं सीसीमध्ये राहा. करार तिचा आहे. आणि उत्तर यायला दोन आठवडे लागले तर घाबरून फोन करू नका. ऑगस्टच्या शेवटी त्यांचा माणूस प्रत्येक कॉलेजच्या मागे धावत असतो.